लादीवरची पिल्लं

पिल्लाचे पाय फाकले तर आधी पिल्लाकडं बघू नका, ते कशावर उभं आहे ते बघा.

हे वाक्य माझं नाही, आमच्या आक्काचं आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं कधी भाषण केलं नाही, कुठल्या पत्रकावर तिचं नाव नाही, शाळा चौथीपर्यंत. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाबद्दल तिला जे कळतं ते मी डॉक्टरांना विचारून आणि पुस्तकांत वाचून पडताळलं. बहुतेक सगळं बरोबर निघालं. तेवढ्यासाठी हे लिहितोय.

तुम्ही म्हणाल, चळवळीचा अंक, पानं मोजकी, आणि त्यात हा गडी कोंबडीची पिल्लं घेऊन आला. असू द्या. एवढंच सांगतो की वाचता वाचता त्यातून प्रतीक काढायला बसू नका. आपल्यात ती खोड आहे. कुणी लंगडताना दिसला की आपल्याला ओळ सुचते, आणि लंगडणारा तसाच पुढं निघून जातो. इथं पिल्लू म्हणजे पिल्लूच आहे. तीसेक ग्रॅम वजनाचं, ओलं, चिवचिव करणारं. आणि त्याचा पाय सरळ करायला तुमच्या हातात मोजके दोन-तीन दिवस आहेत.

आम्ही मूळ जालन्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात माय-बाप आम्हाला घेऊन मुंबईला आले आणि घाटकोपरला हायवेच्या कडेला रमाबाई नगरात खोपी घातली. पुढं १९९७ च्या गोळीबारानं ज्याचं नाव महाराष्ट्रभर झालं तेच रमाबाई नगर. खोपीतली जमीन मातीची. माय तबेल्यातून शेण मागून आणायची आणि सारवायची. वर्षाभरानं आज्जी आली, आणि आज्जीच्या मागोमाग कोंबड्या आल्याच. आज्जी आणि कोंबड्या ह्या वेगळ्या करता येत नव्हत्या. दाराला लागून खुराडं, वर फुटकं कौल, त्यावर दगड. तिथं कितीतरी वेळा पिल्लं निघाली. घारीनं नेली, मांजरानं नेली, मानमोडीनं गेली. पण पाय फाकलेलं पिल्लू खोपीत निघालेलं मला आठवत नाही.

आता आम्ही घाटकोपरातच झोपु योजनेच्या बिल्डिंगीत राहतो. सातवा मजला, २२५ चौरस फूट, आणि खाली पांढरी, चकचकीत, गुळगुळीत लादी. नवी खोली मिळाली तेव्हा मायनं त्या लादीवरून हात फिरवला होता. आयुष्यभर सारवून सारवून बोटांची सालं गेलेली बाई. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, ह्याचं तिला किती दिवस नवल वाटत होतं. लादीला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मातीच्या जमिनीचं कौतुक ती सारवायला न लागणाऱ्यांनी करावं.

पण त्या लादीवर आक्काची पहिली खुडूक कोंबडी बसली. टोपलीत अकरा अंडी, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं. कोंबडी पिल्लं घेऊन टोपलीतून उतरली ती थेट लादीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चार पिल्लं पोटावर पडलेली. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, जसा बेडूक पोहताना दिसतो. उठायला बघतात, पाय आणखी बाजूला जातात, आणि छाती लादीवर आपटते. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, नव्या जागेचं काही करायला पाहिजे होतं. एक म्हणाली, नजर. एक म्हणाली, कोंबडीच खराब आहे, सुरी लावा. आक्का कितीतरी वेळ गप्प बसून होती. मग तिनं ओल्या बोटानं लादी चोळून बघितली. पिल्लू उचललं, खाटेखालचं तांदळाचं गोणपाट ओढलं आणि पिल्लू त्यावर ठेवलं. पिल्लानं नखं रोवली. उभं राहिलं नाही, पण पाय सरकायचे थांबले.

"जिमिनीनं केलंय ह्ये," म्हणाली.

आणि तेच खरं आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची हाडं कोवळी असतात, शिरा-सांधे सैल असतात. अंगाखाली पाय घेऊन उभं राहायचं तर पायाला खाली काहीतरी धरायला लागतं. खाली गुळगुळीत असेल तर पाय बाहेर घसरतो. पुन्हा ओढायचा, पुन्हा घसरतो. प्रत्येक घसरणीला मांडीच्या आतले स्नायू ताणले जातात, आणि तीन-चार दिवसांत पाय त्याच ठिकाणी राहायला शिकतो. म्हणजे जन्मतः पिल्लू चांगलंच होतं. दुसरीही कारणं असतात. उबवणीच्या यंत्रात उष्णता किंवा ओल कमी-जास्त झाली तर होतं, अंडं घालणाऱ्या कोंबडीला खायला धड नसलं तर पिल्लू कमजोर निघतं. पण घरात, खोक्यात, मिठाईच्या डब्यात ठेवलेल्या पिल्लांचं पहिलं कारण बहुतेक वेळा जमीनच. सगळ्यात वाईट म्हणजे वर्तमानपत्र. लोक स्वच्छता म्हणून पेपर अंथरतात. वर्तमानपत्रावर आपले पाय टिकत नाहीत हे आपल्याला ठाऊकच आहे, पिल्लाचेही टिकत नाहीत.

आता बांधायचं कसं ते नीट सांगतो, कारण हे लिहिण्याचं अर्धं कारण तेच आहे.

कापसाची गादी असलेली चिकटपट्टी मिळते, बोट कापल्यावर लावतो ती. ती मधून उभी चिरायची, म्हणजे दोन अरुंद पट्ट्या होतात. पिल्लाचे पाय त्याच्या अंगाखाली आणायचे, जसे धडधाकट पिल्लाचे असतात तेवढ्याच अंतरावर. साधारण एक इंच, जराशी जास्त. पट्टीची गादी दोन पायांच्या मध्ये येऊ द्यायची आणि दोन्ही टोकं एकेका पायाच्या नळीभोवती गुंडाळून परत पट्टीलाच चिकटवायची. पिल्लाची बेडी म्हणा हवी तर. बांधायची ती नळीला, सांध्याला नाही. घट्ट झाली तर पंजा सुजतो, काळानिळा पडतो, म्हणून दर चार तासांनी बघायचं. पिल्लू रोज वाढतं, म्हणून पट्टी रोज नवी. पट्टी नसेल तर जाड लोकरीचा धागा चालतो, पण शिवणाचा दोरा कधीच नाही, तो कातडीत रुततो.

बांधल्यावर पिल्लू पहिल्यांदा तोंडावर पडतं. पडू द्यायचं. मग थोडा वेळ त्याला कपात बसवायचं. चहाचा लहान कप, तळाला फडकं, त्यात पिल्लू असं ठेवायचं की पाय आपोआप अंगाखाली राहतात आणि भार पंजावर येतो. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्या घरी चहाचे कप कमी पडतात त्याचं कारण हे. पाहुणा आला की मी आधी कपात डोकावतो.

आणि पाणी. पाय फाकलेलं पिल्लू पायानं मरत नाही, तहानेनं मरतं. अंड्यातला बलक पोटात असतो त्यावर ते दोन-अडीच दिवस निभावतं, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून गावोगाव पाठवता येतात. पण त्यानंतर ताटलीपर्यंत जाता आलं नाही की खल्लास. शिवाय बाकीची पिल्लं अंगावरून पळतात, चोचा मारतात. म्हणून ते वेगळं ठेवायचं, पण एकटं नाही. एक गरीबसं पिल्लू सोबतीला द्यायचं. चोच पाण्यात हळूच टेकवायची, नाक बुडू द्यायचं नाही. पाण्याची ताटली उथळ, त्यात खडे, नाहीतर पिल्लू पाण्यातच बसून गारठतं. ऊब पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आक्काकडं थर्मामीटर नाही. पिल्लं एकावर एक चढली तर थंडी, चोचा उघड्या टाकून लांब लांब पसरली तर गरमी, आपापलं चरत असली तर बरोबर. खोक्यावर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब. तो आता सहज मिळत नाही. दुकानदार एलईडी देतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे आक्कानं दुकानदाराला त्याच्याच काउंटरवर हात ठेवायला लावून पटवलं.

त्या पहिल्या चारांतली तीन पिल्लं तिसऱ्या दिवशी चालायला लागली. चौथं पाचव्या दिवशी. पट्टी काढल्यावर एक दिवस बावचळल्यासारखी चालतात आणि मग विसरून जातात. त्यानंतर आमच्या घरात पिल्लाखाली लादी कधी आली नाही, गोणपाटच. आता आक्का एजंटाकडून एका दिवसाची पंचवीस-तीस पिल्लं घेते, महिनाभर मोरीशेजारच्या कोपऱ्यात वाढवते, आणि मुरबाड-शहापूरकडच्या बायका येऊन घेऊन जातात. महिन्याचं पिल्लू टणक असतं, मरत नाही, म्हणून त्याला चार पैसे जास्त मिळतात. तिच्या औषधाचा खर्च त्यातून निघतो. माझ्याकडं मागत नाही.

पाय बांधणं तिला आज्जीनं शिकवलं होतं. तेव्हा चिकटपट्टी नव्हती, लुगड्याच्या काठाची चिंधी होती. आणि आज्जीचं पिल्लू तिच्या कोंबडीचं नव्हतं, पाटलाच्या वाड्यातलं होतं. वाड्यात घोटलेल्या फरशीवर निघालेलं. मालकिणीनं ते शेपटाला धरून आज्जीच्या ओट्यात टाकलं, वरूनच, हात लागू न देता. म्हणाली, "घेऊन जा ह्ये. जगलं तं तुझं, मेलं तं उकिरड्यावर टाक." आज्जीनं ते महारवाड्यात आणलं, राखेच्या पाटीत ठेवलं, चिंधीनं पाय बांधले, चुलीच्या उबेला ठेवलं. उभं राहिलं. कोंबडा निघाला. तांबडा, मानेवर सोनेरी झाक, सगळ्या महारवाड्यात तसा कोंबडा नव्हता. आणि जत्रेच्या आधी वाड्यातला गडी आला. मालकिणीनं कोंबडा मागवलाय. आज्जी म्हणाली, जगलं तर माझं म्हणाल्या होत्या. गडी म्हणाला, "अंडं कुणाचं व्हतं?"

ह्याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते द्यायची सोय नव्हती. कोंबडा गेला.

आज्जी ही गोष्ट रडत सांगायची नाही. ती शेवटी एवढंच सांगायची, की पुढच्या वर्षी वाड्यातून पुन्हा एक फाकलेलं पिल्लू आलं तेव्हा तिनं ते घेतलं, बांधलं, उभं केलं, आणि कोंबडा मोठा व्हायच्या आधीच आम्हाला रस्सा करून घातला. "अंडं त्येंचं. रस्सा आपला."

फाकलेल्या पायाचं हे झालं. वाकड्या बोटांचं वेगळं आहे. कधी कधी पिल्लाची बोटं नुसतीच एका बाजूला वळलेली असतात, अंड्यात दाटीवाटीनं बसल्यामुळं. ती सोपी. काडेपेटीचा पुठ्ठा पंजाएवढा कापायचा, बोटं पसरून त्यावर ठेवायची, वरून चिकटपट्टी. दोन दिवस पिल्लू बूट घातल्यासारखं थपथप चालतं. पण बोटं मुठीसारखी आत वळत असतील आणि पिल्लू पंजा सोडून गुडघ्यावर, म्हणजे मागच्या सांध्यावर, बसत-सरकत चालत असेल, तर ते बाहेरून बांधून जात नाही. ती आतली कमतरता आहे. रायबोफ्लेविन, म्हणजे ब-दोन जीवनसत्त्व. ते कमी पडलं की पायाची मोठी नस सुजते. वेळेत दिलं तर पिल्लू उठतं, उशीर झाला तर नस कायमची जाते. आक्का आमच्याच घरातली बी-कॉम्प्लेक्सची गोळी कुटून पाण्यात घालते, आणि खाटकाकडून आणलेली कलेजी उकडून, कुस्करून घालते. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो, किंवा दिसत नाही.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९० च्या आसपासची. तेव्हाचं बटाव्हिया, आताचं जकार्ता. डच सरकारच्या लष्करी इस्पितळात आइकमन नावाचा डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधत होता. सैनिकांचे, कैद्यांचे पाय लुळे पडायचे, माणसं मरायची. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचेही पाय गेले. आधी झोकांड्या, मग पडणं, मग उठताच न येणं. जंतू मात्र सापडेना. आणि अचानक कोंबड्या आपोआप बऱ्या व्हायला लागल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, मधल्या काळात कोंबड्यांना इस्पितळाच्या भटारखान्यातला उरलेला पांढरा भात घालत होते. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं सांगितलं, लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. म्हणून कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकटचा हलका तांदूळ घालावा लागला. आणि हलक्या तांदळानं कोंबड्या उभ्या राहिल्या.

त्या आचाऱ्याचं नाव मला कुठं वाचायला मिळालं नाही. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. खरं म्हणजे भातातच विष आहे असं आइकमन धरून चालला होता. पांढऱ्या भातात विष नाही, त्यात काहीतरी कमी आहे, हे त्याच्या मागून आलेल्या ग्राइन्सनं १९०१ साली मांडलं. ते कमी असलेलं काहीतरी म्हणजे ब-एक जीवनसत्त्व. ते कोंड्यात असतं.

कोंडा. आमच्या आज्जीच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा. आपल्या माणसांनी कोंडा हौसेनं खाल्लेला नाही. दुसऱ्यांनी दाणे नेले, आपल्या वाट्याला कोंडा आला, आणि त्याचा मांडा करून खाल्ला. त्या दारिद्र्याचे गोडवे मी गाणार नाही. पण कोंबड्यांच्या वाट्यालाही तोच आला आणि त्यांचे पाय धड राहिले, हेही खरंच. नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवलेल्या पिल्लांना आणखी एक दुखणं होतं. मागचा सांधा सुजतो, सांध्यावरची जाड शीर खोबणीतून बाजूला सरकते आणि पाय बाहेरच्या बाजूला पिळवटतो. मँगनीज नावाचं खनिज कमी पडल्यानं हे होतं, ते १९३६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या माणसांनी शोधलं. मक्यात मँगनीज किलोला दहा मिलिग्रॅमही नसतं, पिल्लाला किलोभर खाद्यात साठेक मिलिग्रॅम लागतं, आणि तांदळाच्या कोंड्यात ते भरपूर. आक्काला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती कणीत कोंडा कालवत होती. तिनं वर बघितलंही नाही.

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या एका डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे लिहून ठेवायला पाहिजे. त्यांनी आक्काच्या पट्टीत काही दुरुस्ती सांगितली नाही. एक गोष्ट मात्र नव्यानं कळली. आम्ही पिल्लांना खिडकीतल्या उन्हात ठेवायचो, पण खिडकीला काच. काचेतून आलेल्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नाही तर हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. आता सकाळी पाटी गच्चीवर जाते. लिफ्ट चालू असली तर.

आता जे लिहायला जड आहे ते लिहितो.

सगळी पिल्लं उठत नाहीत. शीर सरकली असेल तर ताज्या असतानाच बोटानं कधी जागेवर बसते, बहुतेक वेळा पुन्हा सरकते, आणि मग कितीही मँगनीज घाला, उपयोग नाही. ते मँगनीज मागच्या पिल्लांसाठी. आणि पिल्लू महिना-दीड महिन्याचं होऊन धडधाकट असताना एक पाय पुढं, एक पाय मागं टाकून पडलं, तर तो मॅरेकचा रोग असू शकतो. हंगेरीतल्या मॅरेक नावाच्या पशुवैद्यानं १९०७ साली तो पहिल्यांदा लिहून ठेवला. विषाणू आहे. त्याला औषध नाही. लस आहे, ती अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच टोचावी लागते. उबवणी केंद्रातून येणाऱ्या पिल्लांना ती बहुधा टोचलेली असते, घरच्या खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांना कोण टोचणार?

लस म्हटलं की मला आक्काच्या पायाकडं बघावं लागतं. तिला पोलिओ झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती, साल १९६६. ताप आला, दोन दिवसांनी उजवा पाय उचलेना. गावात लोकांनी सांगितलं, मागच्या जन्माचं पाप. देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. माय पुढं आयुष्यभर म्हणायची, लवकर दवाखान्यात नेलं असतं तर. मी तिला किती वेळा समजावलं की नेलं असतं तरी पोलिओवर औषध नव्हतंच, आजही नाही. लस होती. जगात १९५५ पासून लस होती. आपल्या सरकारच्या लसीकरण कार्यक्रमात ती १९७९ साली आली. देशातली शेवटची केस जानेवारी २०११ ची. म्हणजे पोलिओ जाऊ शकत होता आणि गेलाही. मागच्या जन्मी पाप करणारी माणसं एकदम कमी झाली असं काही नाही.

मुंबईत आल्यावर हाजीअलीच्या इस्पितळात तिला कॅलिपर मिळालं. लोखंडी पट्ट्या, चामडं, बूट. ते घालून ती रमाबाई नगरच्या चिखलातून शाळेत गेली, चौथीपर्यंत. पुढं का गेली नाही ते तुम्हाला सांगायला नको. लग्नाचंही तसंच. मुलगा बघायला यायचा, चहा व्हायचा, बूट दिसायचा.

मध्ये एक तरुण कार्यकर्ता घरी आला होता. चांगला पोरगा, वाचणारा. आक्का पिल्लाचे पाय बांधत बसली होती, कॅलिपर लांब करून. तो बराच वेळ बघत राहिला आणि भरून येऊन म्हणाला, "आक्का, तुम्हालाच त्याचं दुःख कळणार."

आक्का पट्टी चिकटवेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "माजा पाय बांधून सरळ व्हनार नव्हता बाबा. मेंदूची तारच तुटली व्हती. ह्येचा व्हतो. म्हनून बांधते. दुःखाचं काय त्यात?"

पोरगा गोरामोरा झाला. मला त्याची दया आली, कारण त्याच्या जागी मी असतो तरी तेच बोललो असतो. पण मी त्या दिवसापासून विचार करतोय. कुठला पाय बांधून सरळ होतो आणि कुठला होत नाही, हे ओळखणं तिला येतं, आणि ज्यांनी तिच्या पायाला पाप म्हटलं त्यांना ते येत नव्हतं. नशीब म्हटलं की फाकलेला, वाकडा, लुळा, सगळे पाय एकसारखेच दिसायला लागतात. बघायचं कारणच उरत नाही. मग पिल्लाच्या हातातले ते दोन-तीन दिवस निघून जातात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली आलेल्या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माचा हिशोब नाकारलाय, तो आपण विहारात वाचतो. वाचून घरी येतो आणि सुनेला मूल वाकडं झालं की कुजबुजतो. हे आपल्याच बिल्डिंगीत चालतं, म्हणून लिहितोय.

त्याच ग्रंथात बाबासाहेब अहिंसेबद्दल बोलताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यात फरक करतात. जे पिल्लू उठणारच नाही, खाऊ शकत नाही, ज्याची छाती लादीवर घासून सोलली गेली आहे, ते आक्का संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. मोरीत नेते, पाठ करून बसते, एक झटका. मग हात धुते. त्या दिवशी ती कुणाशी बोलत नाही. आम्ही कोंबडी खाणारी माणसं आहोत, रविवारी आमच्याकडं रस्सा असतो, आणि ह्या दोन गोष्टी एकाच घरात राहतात. ज्याला हे ढोंग वाटतं त्यानं एकदा रात्री अडीचला उठून पिल्लाला चमच्यानं पाणी पाजून बघावं.

स्टेशनाबाहेर टोपलीत रंगवलेली पिल्लं विकायला बसलेली मी लहानपणापासून बघत आलोय. गुलाबी, हिरवी, जांभळी. पोरं हट्ट करतात. ती पिल्लं बहुतेक नर असतात, अंड्यांच्या जातीतले. ते अंडी घालणार नाहीत, मांसालाही लवकर भरत नाहीत, म्हणून उबवणीच्या धंद्यात त्यांना किंमत नाही. पहिल्याच दिवशी लिंग बघून ते बाजूला काढतात, आणि जगभर त्यांना त्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीनं २०२२ पासून कायद्यानं ते बंद केलं. आपल्याकडं त्यातली काही रंग लावून रस्त्यावर येतात. पोरगं घरी आणतं, लादीवर सोडतं, दुसऱ्या दिवशी पाय फाकतात, तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात. आमच्या बिल्डिंगीतल्या पोरांना आता ठाऊक झालंय. पाय फाकले की ती पिल्लू ओंजळीत घेऊन जिना चढून सातव्या मजल्यावर येतात. आक्का पहिल्यांदा एकच विचारते, "कदी आनलं?" काल म्हटलं तर पट्टी काढते. चार दिवस झाले म्हटलं तर पोराला बाहेर पाठवते, चॉकलेट आणायला.

पावसाळ्यात मात्र गोणपाटाचा त्रास होतो. वाळत नाही, त्यात शी मुरते, नाकाला झोंबणारा वास सुटतो आणि पिल्लांचे डोळे चिकटतात. म्हणून दोन गोणपाटं ठेवायची, एक खाली, एक बल्बाजवळ वाळत. खाली भाताचं तूस पसरून वर गोणपाट टाकलं तर एक दिवस जास्त जातो. तूस मिळालं नाही तर सुताराकडचा रंध्याचा भुसा चालतो, पण करवतीचा बारीक नको, पिल्लं तो दाणा समजून खातात.